काचेचे वय आणि चोपडीची साक्ष

वाटणीच्या वेळी घरातील बहुतेक वस्तूंचे मोल ठरविण्याची रीत बांधलेली असते. सोने सराफाच्या काट्यावर चढते, जमिनीचा सात-बारा निघतो, दुकानाचा ताळेबंद सनदी लेखापाल मांडून देतो, तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात. शेवटी उरते ते दिवाणखान्यातील काचेचे कपाट. त्यातील फुलदाण्या, पेले, हंड्या, कुप्या यांचा भाव कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्या वस्तूचा भाव सांगता येत नाही, तिच्याविषयी दोनच मते असतात. एकाला ती लाखांची वाटते, दुसऱ्याला भंगाराची.

औंधच्या पेठेतील एका जुन्या पेढीच्या घरात असाच प्रसंग उद्भवला. तीन भावांपैकी मधले निवर्तले होते. त्यांच्या पत्नी, म्हणजे घरातील मुलांच्या काकू, यांच्या हिश्शाची आकारणी चालू होती. कपाटात तपकिरी-पिवळ्या रंगाची, वेलबुट्टीची एक फुलदाणी होती आणि तिच्या अंगावर फ्रेंच कलावंत एमिल गाले याचे नाव उठावाच्या अक्षरांत होते. एका परिचिताने भ्रमणध्वनीवर तशाच फुलदाण्यांचे भाव पाहून ‘दोन लाखांच्या खाली नाही’ असा निर्वाळा दिला. थोरल्या दिरांनी सद्भावनेनेच ती फुलदाणी दोन लाख रुपयांना काकूंच्या बाजूस मांडली आणि तेवढी रोख रक्कम कमी केली. माडीवरचा गंजलेला कंदील, सोड्याच्या बाटल्या आणि काळवंडलेली हंडी ही अडगळ म्हणून भंगारवाल्यासाठी वेगळी ठेवण्यात आली होती.

काकूंनी कागद वाचला आणि एवढेच म्हटले, “भाऊजी, ही फुलदाणी किती सालची, ते कुणाच्या तरी सहीनिशी लिहून द्या. मग मी अंगठा म्हणाल तर अंगठा देते.”

त्या एका वाक्याने वाटणी तीन आठवडे पुढे गेली. कारण किती सालची, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

काचेचे वय काढणे अवघड का, याचे कारण तिच्या घटकांत आहे. लाकूड, कापड, हाड अशा सेंद्रिय पदार्थांचे वय कार्बनच्या चाचणीने काढता येते. काच म्हणजे मुख्यत्वे वाळू, सोडा आणि चुना. त्या चाचणीला तिच्यात काही सापडत नाही. सोन्यासारखा शुद्धतेचा शिक्का तिच्यावर नसतो. चांदीप्रमाणे ती काळी पडत नाही, लाकडाप्रमाणे तिला वाळवी लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीची काच धुऊन पुसून ठेवली, तर कालच्या काचेशेजारी शोभून दिसते. म्हणून काचेचे वय काचेला विचारून भागत नाही. ती कशी घडली, कशी वापरली गेली, तिच्यावर कोणाचे नाव आहे आणि तिच्याविषयी कागद काय सांगतो, या चार ठिकाणी चौकशी करावी लागते. यातील चौथी चौकशी व्यापारी घरांना सर्वांत सोपी आहे, आणि नेमकी तीच कोणी करीत नाही.

घडणीपासून आरंभ करावा. कारागीर फुंकनळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन फुंकतो, तेव्हा भांड्याचे तोंड नळीकडे असते. ते तोंड नीट करण्यासाठी भांडे तळाकडून एका लोखंडी दांड्याला चिकटवून घेतात आणि काम झाल्यावर तोडतात. तोडल्याची खूण तळाच्या मध्यभागी खरबरीत व्रणासारखी राहते. उंची मालात ती घासून गुळगुळीत खळगी करतात. असा व्रण दिसला की काच हाताने घडली, एवढे कळते. ती जुनी आहे, असे कळत नाही. आजही फिरोजाबादच्या भट्ट्यांत हाताने काच फुंकली जाते. साच्यातील काचेवर साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेषा, जणू शिवण, उमटते. बाटलीवर ही शिवण मानेपाशी थांबत असेल, तर तोंड हाताने केलेले आहे. ती ओठांवरून पार गेली असेल, तर बाटली स्वयंचलित यंत्रावरची आहे. असे यंत्र मायकेल ओवेन्स या अमेरिकन गृहस्थाने विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी सिद्ध केले. त्यापूर्वीच्या बाटलीवर तशी शिवण सापडणार नाही.

औंधच्या कपाटातील सोड्याच्या बाटल्या मात्र येथे एक निराळा धडा देतात. मानेत काचेची गोटी अडकविलेली ती बाटली, जिला आपण गोटीसोडा म्हणतो, तिची युक्ती हायरम कॉड या इंग्रजाची. तिचे एकस्व १८७२ चे. म्हणून काही विक्रेते प्रत्येक गोटीची बाटली दीडशे वर्षांची म्हणून दाखवितात. परंतु विलायतेत ती बाटली मागे पडल्यानंतरही आपल्याकडे जत्रांतून आणि स्टँडवरून अनेक दशके वापरात होती. रचनेचा जन्म वेगळा आणि हातातील नगाचा जन्म वेगळा. पहिली तारीख एवढेच सांगते की वस्तू त्यापूर्वीची नाही. नंतरची किती, याबद्दल ती मूक असते.

वापराच्या खुणा तळाशी शोधाव्यात. भांडे ज्या कडेवर उभे राहते, ती कडा वर्षानुवर्षांच्या सरकवण्याने झिजते. तेथे आडव्यातिडव्या, कमीअधिक खोलीच्या असंख्य रेघा असतात. पॉलिश कागदाने घासून जुनेपणा आणला असेल, तर रेघा एका दिशेने, सारख्या अंतराने जातात, आणि ज्या भागाला जमिनीचा स्पर्शच होत नाही तेथेही त्या दिसतात. याला सराफाचे भिंग पुरेसे आहे. औंधच्या फुलदाणीचा तळ या भिंगाखाली धरला, तेव्हा कडा जवळजवळ कोरी निघाली. कपाटात न हलवता ठेवलेली वस्तू झिजत नाही, असा युक्तिवाद थोरल्यांनी केला, आणि तो चुकीचा नव्हता.

मग नावाची पाळी आली. एमिल गाले हा फ्रान्समधील नान्सी शहराचा. जन्म १८४६, मृत्यू १९०४. एकावर एक रंगीत काचेचे थर चढवायचे आणि आम्लाने किंवा चाकावर वरचे थर कोरून फुले-पाने उठवायची, ही त्याच्या काचेची ओळख. त्याचा मोठा कारखाना होता आणि तो त्याच्या मागेही चालू राहिला. मृत्यूनंतरच्या काही वर्षांत नावापुढे लहानसा तारा कोरीत असत. त्यामुळे अंगावर गालेचे नाव आहे म्हणजे गालेचा हात लागला आहे, असे मुळातच नव्हते. त्यात गेल्या काही दशकांत रुमानियामध्ये त्याच धर्तीची काच मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. तेथील कारखाने प्रामाणिकपणे नावाशेजारी टी-आय-पी ही तीन अक्षरे घालतात. रुमानियन भाषेत त्याचा अर्थ ‘त्या प्रकारचे’ असा होतो. लबाडी पुढे होते. मधला कोणी ती तीन अक्षरे घासून टाकतो आणि फुलदाणी शंभर वर्षांनी वृद्ध होते. औंधच्या फुलदाणीवर नावाच्या उजवीकडे बोटाला लागेल अशी एक उथळ, चकचकीत खळगी होती. भोवतालची पार्श्वभूमी आम्लामुळे मंद, आणि तेवढाच ठिपका लखलखीत. त्यापुढे युक्तिवाद थांबला.

नावांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. लालिक या फ्रेंच घराण्याच्या काचेवर संस्थापक रने लालिक हयात असेतो नावाआधी ‘आर’ हे अक्षर असे. १९४५ मध्ये तो वारल्यावर ते अक्षर गेले. बाकाराच्या वस्तूंवर आम्लाने उमटवलेला गोल शिक्का १९३६ पासून नियमाने येतो; त्यापूर्वी बहुधा कागदी चिठ्ठीच असे, आणि ती पहिल्या धुण्यात निघून जाई. देशाचे नाव तर इतिहासाच्या पुस्तकासारखे वाचता येते. बोहेमियाची काच १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातली. त्यामुळे ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे छापलेली हंडी १९१८ च्या आधीची असू शकत नाही आणि १९९२ च्या नंतरचीही नाही. ‘पश्चिम जर्मनी’ म्हटले की १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हटले की महायुद्धानंतर अमेरिकेचा अंमल होता तोवरची, म्हणजे १९५२ पर्यंतची. आपल्याकडे मात्र जाड आरसा, रंगीत हंडी, कोरीव पेला या सर्वांना सरसकट ‘बेल्जियम’ म्हणण्याची प्रथा आहे. बेल्जियममध्ये वाल-सां-लाम्बेरसारखे १८२६ पासूनचे नामांकित कारखाने होते हे खरे. पण आजोबांनी बेल्जियम म्हटलेली पुष्कळशी रंगीत काच बोहेमियाची निघते. बंगाल्यातील मोठी झुंबरे तर बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची असत; कलकत्त्यास तिची शाखाच होती.

हल्ली ज्याला ‘स्टुडिओ काच’ म्हणतात, ती यांहून अगदी अलीकडची. १९६२ मध्ये अमेरिकेतील टोलेडो येथील कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन याने दोन कार्यशाळा घेतल्या आणि डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञाच्या साहाय्याने दाखवून दिले की एकटा कलावंतही लहान भट्टीवर काच वितळवू आणि फुंकू शकतो. तोवर कलावंत रेखाटी आणि कारखान्यातील कारागीर फुंकी. त्यानंतरच्या कलावंतांनी बहुधा आपले नाव आणि कित्येकदा सालही तळाशी सुईसारख्या हत्याराने कोरून ठेवले. म्हणून ‘१९२० ची स्टुडिओ काच’ असे कोणी सांगितले, तर त्याला इतिहास ठाऊक नाही किंवा तो आपल्याला ठाऊक नाही असे धरून चालला आहे.

व्यापाऱ्याच्या गल्ल्यापाशीच दोन चाचण्या उपलब्ध असतात, हे मोठे सोयीचे आहे. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधाऱ्या खोलीत पोपटी किंवा पिवळसर काचेवर धरावा. ती झगझगीत हिरवी उजळली, तर तिच्यात युरेनियम आहे. बोहेमियात योझेफ रिडेल याने १८३० च्या दशकात अशी काच लोकप्रिय केली आणि तिच्या दोन रंगछटांना पत्नी आना हिचे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरेनियमवर सरकारी निर्बंध आले आणि या काचेचा भर ओसरला. मँगनीज मिसळलेली काचही फिकी हिरवी दिसते, म्हणून उजेड किती प्रखर आहे ते पाहावे. काकूंच्या कपाटातील लोणच्याची एक लहानशी पोपटी वाटी या दिव्याखाली अशी काही पेटली की घरातील मुले टाळ्या पिटू लागली. शोभेसाठी ठेवण्यास अशी वाटी निर्धोक आहे. तिच्यात लोणचे मात्र ठेवू नये.

दुसरी चाचणी तराजूची. पैलू पाडलेला पेला बिलोरी म्हणून, म्हणजे शिशाच्या काचेचा म्हणून विकला जातो. शिशाची काच जड असते आणि टिचकी मारल्यावर तिचा नाद लांबतो. पण नाद कानावर अवलंबून, तराजू नाही. पेला कोरडा तोलावा. मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, भांड्याला न टेकवता तोलावा. कोरडे वजन ३०० ग्रॅम आणि पाण्यातील २०० ग्रॅम भरले, तर घट १०० ग्रॅम. ३०० ला १०० ने भागले की ३ येतात. हा आकडा ३ च्या आसपास असेल तर काच शिशाची. २.५ च्या आसपास आला तर ती साधी सोड्या-चुन्याची काच, पैलू कितीही सुबक असोत. यातून वय निघत नाही, परंतु खोटे बोलणारा उघडा पडतो.

आता माडीवरच्या अडगळीकडे वळले पाहिजे. काकूंचा आग्रह नसता, तर ती कोणी पाहिलीही नसती.

औंधकरांना आपल्या संग्रहालयाचा रास्त अभिमान आहे. यमाईच्या डोंगरावर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे मातृशिल्प आहे. परंतु त्याच राजांनी उद्योगांना जो आश्रय दिला, त्याचा माल संग्रहालयात नव्हे, तर घरोघरी गेला. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये याच संस्थानच्या हद्दीत वसली. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला, तोही संस्थानच्याच हद्दीत. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर हिंडून एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि जपानात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टी उभी केली. महाराष्ट्रातील अनेक काचकारागिरांची ती पाठशाळाच ठरली. ओगलेवाडीतून पुढे, १९२० च्या दशकात, प्रभाकर कंदील बाहेर पडला आणि विजेपूर्वीच्या महाराष्ट्रात त्याचे नाव घरातील माणसासारखे झाले. तोवर बाजारात होते ते जर्मनीचे आणि अमेरिकेचे वादळी कंदील. आज कारखाना बंद आहे. गावाचे नाव तेवढे ओगलेवाडी राहिले.

अशा कंदिलाचे वय ठरविताना एक चूक हटकून होते. लोक टाकीवरील नाव पाहतात आणि संपूर्ण कंदिलाला एक तारीख देतात. वास्तविक कंदील म्हणजे किमान दोन वस्तू असतात. पत्र्याचा सांगाडा पन्नास वर्षे टिकतो; काच पहिल्या पावसात तडकते. एका सांगाड्याने आयुष्यात पाच-सात काचा पाहिलेल्या असतात. सांगाडा जुना आणि काच नवी असणे हा दोष नव्हे, तो वापराचा पुरावा आहे. परंतु विकताना किंवा वाटताना तो स्पष्ट सांगितला पाहिजे. हंड्यांचेही तसेच. मेणबत्तीसाठी किंवा तेलाच्या पेल्यासाठी केलेल्या हंडीला पुढे विजेची तार ओवण्यासाठी पितळी टोपीत भोक पाडलेले असते; भोकाची कडा आतून ओबडधोबड असेल, तर ते नंतर पाडले आहे आणि हंडी विजेच्या आधीची आहे. देरासरांतून आणि जुन्या मंदिरांतून अशा हंड्या अजूनही टांगलेल्या आहेत. जीर्णोद्धाराच्या वेळी त्या उतरवून नव्या झुंबरांच्या मोबदल्यात देण्यापूर्वी विश्वस्तांनी ती पितळी टोपी एकदा उघडून पाहावी. निर्मात्याचे नाव काचेवर नसले, तर पुष्कळदा तेथे असते.

तरीही या सर्व खुणा ‘याच्या आधीची नाही’, ‘बहुधा त्या सुमाराची’ एवढ्यावर येऊन थांबतात. नेमके साल कागदच देतो. आणि कागदाच्या बाबतीत पेढी चालविणाऱ्या घरांइतके श्रीमंत कोणी नाही. दिवाळीला पूजन झालेल्या, लाल कापडात बांधून पोटमाळ्यावर टाकलेल्या रोजमेळ आणि खतावण्या हे जुन्या वस्तूंचे जन्मदाखले आहेत. मोडी किंवा बोडिया लिपी वाचणारा शोधावा लागेल, एवढेच.

तारीख उलगडण्याचा हिशेब सोपा आहे. दिवाळीपासून सुरू होणारा विक्रम संवत असेल, तर कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीला ५७ वजा करावे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६. मारवाडकडील कागदांत संवत चैत्रापासून मोजलेला असू शकतो. तेथे चैत्र ते डिसेंबर ५७ वजा होतात. शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवावे, नंतर ७९. वीर निर्वाण संवत लिहिला असेल, तर दिवाळी ते डिसेंबर ५२७ आणि पुढे ५२६ वजा करावे. कार्तिकी आणि चैत्री यांची गल्लत झाली, तर एका वर्षाचा फरक पडतो. शेजारच्या नोंदींतील महिना आणि वार ताडून तो दूर करता येतो.

साल लिहिलेलेच नसेल, तर छापील पावतीचे शीर्षक बोलते. ‘औंध संस्थान’ असा पत्ता असेल, तर कागद १९४८ च्या विलीनीकरणापूर्वी छापलेला. ‘जि. उत्तर सातारा’ किंवा ‘जि. दक्षिण सातारा’ असेल, तर १९४९ ते १९६०. कारण १९४९ मध्ये जिल्ह्याचे हे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. रक्कम रुपये-आणे-पैत असेल, तर सामान्यतः १ एप्रिल १९५७ च्या आधीची. ‘नवे पैसे’ असतील, तर १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा अंकी पिन असेल, तर १९७२ च्या नंतरची. छापलेला कागद संपेपर्यंत व्यापारी तोच वापरतो, ही काटकसर मात्र हिशेबात धरावी लागते. शीर्षक कागद कधी छापला ते सांगते. हाताने लिहिलेली रक्कम तो कधी वापरला ते सांगते.

औंधच्या त्या घरात थोरल्या दिरांनीच चोपड्या खाली काढल्या. आपण मांडलेला आकडा चुकला, याचा त्यांना मनस्ताप झाला होता. फुलदाणीची नोंद कोठेही मिळाली नाही. काकूंच्या विवाहाचे छायाचित्र मात्र सापडले. त्यात वधूवरांच्या मागे हेच कपाट उघडे दिसत होते. पेले होते, पोपटी वाटी होती, फुलदाणी नव्हती. छतापाशी खुंटीला कंदील टांगलेला होता. विवाह १९७४ चा.

कंदिलाची नोंद संवत १९८५ च्या मार्गशीर्षात निघाली. ओगलेवाडीहून प्रभाकर कंदील दोन डझन आल्याचे जमा होते आणि खाली त्यांपैकी एक नग ‘घरखाती नावे’ टाकलेला होता. दुकानातील माल घरात वापरला, तरी त्याची किंमत पेढीला मोजून देण्याची ती शिस्त होती, आणि तिच्यामुळेच हा एक कंदील इतर तेविसांहून वेगळा निघाला. १९८५ मधून ५७ गेले, म्हणजे डिसेंबर १९२८. पुढे एका कराडच्या दुकानाच्या पावतीवर ‘जि. उत्तर सातारा’ हे शीर्षक आणि एका काचेची किंमत नव्या पैशांत होती. म्हणजे सांगाडा १९२८ चा आणि आजची काच, तीच शेवटची असेल तर, १९५७ ते १९६० च्या सुमाराची.

या साल ठरविण्याला कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूत मोडते आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या मुलाबाळांना आजीची हंडी पाठवावी असे वाटणाऱ्यांनी आधी तिचे वय पाहावे. वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. विकावयाची झाल्यास कलावस्तूवर भांडवली नफ्याचा प्रश्न येतो. १ एप्रिल २००१ पूर्वीपासून घरात असलेल्या वस्तूसाठी त्या दिवसाचे वाजवी मूल्य आधार धरता येते. परंतु ती तेव्हा घरात होती, हे दाखवावे लागते. तेथेही पुन्हा छायाचित्र आणि चोपडीच कामी येतात.

दिवाळीच्या साफसफाईत घरातील सुनांनी दोन गोष्टी सांभाळल्या, तर पुष्कळ होईल. तळाला चिकटलेली कागदी चिठ्ठी असेल, तर ती वस्तू गरम पाण्यात बुडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि चिठ्ठी टाळावी. कंदिलाचा गंज लिंबाने किंवा आम्लाने काढू नये. उठावाची अक्षरे आधी तेथेच जातात. वस्तूवर शाईने साल लिहिण्यापेक्षा एका लिफाफ्यात चिठ्ठी ठेवावी: कोणी आणली, कोठून, कशावरून कळले, आणि जे फक्त ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून.

औंधचा कागद पुन्हा लिहिला गेला. फुलदाणी ‘शोभेची वस्तू’ म्हणून नाममात्र किमतीला थोरल्यांनी स्वतःकडे घेतली आणि दोन लाख रुपये काकूंच्या बाजूस रोख आले. काकूंनी कंदील मागितला. त्याला बाजारात फार किंमत येणार नाही, असे धाकट्या दिरांनी प्रांजळपणे सांगितले, आणि ते खरेच होते. असे कंदील अजून बऱ्याच माळ्यांवर पडून आहेत. चोपडी पेढीतच राहावी, असे ठरले. तिच्या त्या पानाची छायाप्रत काढून त्यावर दोन्ही दिरांनी सह्या केल्या, पावतीची प्रत जोडली आणि लिफाफा कंदिलाच्या मुठीला दोऱ्याने बांधला. गोटीच्या बाटल्या मुलांनी वाटून घेतल्या. हंडीची पितळी टोपी अद्याप उघडायची आहे. तिचा आटा बसला असल्याने तेल सोडून ठेवले आहे.